चिडचिड किती वाजता होते, हे विचारणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातल्या तुमच्या औषधाच्या दुकानात आमची चिठ्ठी घेऊन कुणी आलं की तुम्ही काउंटरवरूनच विचारता, ‘चिडचिड होते ती साधारण किती वाजता?’ आमच्या केसपेपरवर ‘चिडचिड: आहे / नाही’ एवढाच रकाना होता. आता त्याच्या शेजारी वेळेचा रकाना आलाय, तो तुमच्यामुळे. मनोविकार ओपीडीत बसणारे आम्ही तिघे हे आभाराचं पत्र उघडच लिहितोय, म्हणजे मोठ्या वयात एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, उतावळेपणा, अस्वस्थपणा यांचा विकार) निदान झालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही तुमचा प्रश्न वापरता येईल.

लोक विचारतात, एडीएचडीवरची सगळ्यात चांगली गोळी कुठली? खरं गणित तासांचं असतं. मेथिलफेनिडेट या त्यावरच्या नेहमीच्या औषधाची साधी गोळी तीन ते चार तास चालते, हळूहळू सुटणारी साधारण आठ, आणि दिवसातून एकदाच घ्यायच्या काही गोळ्या दहा-बारा तास. ऐरोलीत नोकरी करणाऱ्याने सकाळी साडेआठला 10 मिग्रॅ घेतली आणि साडेबाराला दुसरी, तर साडेचारच्या सुमारास तिचा जोर ओसरतो. दुपारी भूक मेलेली, म्हणून डबा अर्धा तसाच. वर तीन-चार कटिंग. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहून तो ठाण्याला उतरतो तोवर औषध उतरलेलं, पोट रिकामं, आणि घरात पाऊल टाकताच दारातल्या चपलांवरून भांडण. घरचे म्हणतात, गोळीने स्वभाव बिघडवला. त्या घटकेला गोळी अंगात जेमतेम उरलेली असते!

अशा वेळी औषध बदलायची घाई कामाची नाही. गोळीआधी पोटभर नाश्ता, डबा संपवणं, चारला मूठभर चणे-शेंगदाणे, चहा एक-दोन कपांवर. तेवढ्याने भागलं नाही तर दुपारच्या उत्तरार्धात एक छोटा डोस जोडता येतो किंवा लांब चालणाऱ्या गोळीवर जाता येतं. छोटा डोस फार उशिरा गेला तर रात्री डोळा लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची चिडचिड मग जागरणाची असते. ‘डबा संपला होता का?’ हा तुमचा दुसरा प्रश्न आम्ही सरळ उचललाय.

तीच चिडचिड गोळीनंतर तासा-दीड तासात, जबडा आवळून, छातीत धडधड घेऊन आली तर अर्थ उलटा. डोस जास्त होतोय. म्हणूनच सुरुवात 5 किंवा 10 मिग्रॅने, वाढ आठवड्याला 5 ते 10, आणि साध्या गोळीत दिवसाचे 60 मिग्रॅ ही वरची हद्द. वेळ न सांगता नुसतं ‘चिडचिड वाढली’ म्हटलं की जिथे डोस उतरवायचा तिथे तो चढवला जातो.

आणि औषधाच्या आधीपासूनची चिडचिड? तिचं मूळ बऱ्याचदा दुसरीकडे निघतं. थायरॉइड, घोरताना श्वास अडकून मोडणारी झोप, रोजचा पेग, दबलेलं नैराश्य. कधीतरी सलग चार-पाच दिवस तीन तासांच्या झोपेवरही थकवा नाही, बोलणं सुसाट, पैसे उधळणं, असं घडलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. तो बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा चढण्या-उतरण्याचा आजार, असू शकतो. तिथे आधी मूड सावरायचा, एकाग्रतेची गोळी नंतर. बीपी, नाडी, वजन आणि घरात तरुणपणी अचानक हृदयविकाराने कुणी गेलं का, हेही सुरुवातीलाच. निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाआधीची लागतात, त्यामुळे जुन्या प्रगतिपुस्तकातला ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ हा शेरा घेऊन आलेला माणूस आमचा अर्धा तास वाचवतो.

ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्याच दुसऱ्या गोळीच्या बाबतीत तुमचे उपकार वेगळेच. मेथिलफेनिडेटचा फरक त्याच दिवशी कळतो, हिचा कळायला चार-सहा आठवडे जातात. मोठ्यांना 40 मिग्रॅने सुरू करून निदान तीन दिवसांनी 80 पर्यंत नेतात, कमाल 100. पहिल्या आठवड्यात मळमळ, कोरडं तोंड, लघवीला थांबून होणं, एवढंच पदरात पडतं आणि लोक ती सोडून देतात. ‘जेवणासोबत घ्या, महिना तरी द्या तिला,’ हे तुम्ही प्रत्येकाला सांगता. या गोळीनेही चिडचिड वाढू शकते. मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर मात्र महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. आणखी एक, दुसऱ्या डॉक्टरांनी नैराश्यासाठी दिलेली पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन चालू असेल तर ॲटोमॉक्सेटिन शरीरातून हळू जातं, रक्तातलं प्रमाण बरंच चढतं. म्हणून ‘आधीचं काय चालू आहे? पाकीट दाखवा,’ हा तुमचा हट्ट. सर्दीच्या गोळीचंही तसंच: नाक मोकळं करणारं औषध आणि मेथिलफेनिडेट मिळून बीपी वर ढकलतात.

मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, येतं. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक तुम्ही दोन वर्षं ठेवायची. तिच्यावर नाव, पत्ता, डोस, एकूण गोळ्या, सही, तारीख. साठा कुलूपबंद कपाटात. फोनवरच्या तपासणीतून ही चिठ्ठी देता येत नाही. एकच प्रत घेऊन आलेल्याला तुम्ही परत पाठवता तेव्हा तो चिडतो, ‘मला काय गर्दुल्ला समजता का?’ चूक त्याची नसते, चिठ्ठी लिहिणाऱ्याची असते. लांब चालणारी गोळी संपली म्हणून तिच्या जागी तेवढ्याच मिलिग्रॅमची साधी कधी दिली नाहीत, हेही लक्षात आहे. आकडा तोच, पण बारा तासांचं औषध एकदम चार तासांत. लांब चालणारी गोळी मोडून-चावून घेतली तरी तेच होतं. (एका प्रकारात गोळीचं रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं पडतं. घाबरून येणाऱ्यांना ‘औषध आत राहिलंय, टरफल बाहेर आलंय’ असं सांगणारे तुम्हीच.)

शेवटी ते चिठ्ठीवरचं 1-0-1, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हात सवयीने लिहून जातो आणि मेथिलफेनिडेटची दुसरी गोळी जाते रात्री. तुम्ही दरवेळी फोन करून ‘रात्री की दुपारी?’ विचारलंत, आवाज न चढवता. नव्या पॅडवर आम्ही आकड्यांच्या जागी घड्याळाची वेळ छापून घेतलीय, दोन प्रती कार्बनसकट. खालच्या प्रतीवर वेळ नीट उमटते का, तेवढं बघून कळवा.

आपले,
ओपीडीतले तिघे