आधी माती, मग रोपं

नाशिक,
सप्टेंबरअखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर म्हणालास की तुमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत बाग करायचं घाटतंय, आणि नर्सरीतून काय काय आणायचं त्याची यादी मागितलीस. यादी मी आत्ता देत नाही. रागावू नकोस. पहिल्या पावसाळ्यात तुम्ही एकही भाजी लावू नये असं माझं ठाम मत आहे, आणि ते फोनवर दोन वाक्यांत पटणारं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमची गंगापूर रोडच्या आतल्या बाजूची जागा तू पाहिलीस ती हिरवी झाल्यावर. त्याआधी तिथे बांधकामाचा राडारोडा होता. विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, सिमेंटची ढेकळं, आणि त्यावर पसरलेला काळ्या मातीचा थर. काळी माती म्हणजे सोनं हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि शेतात ते खरंच आहे. पण राडारोड्यावरच्या वीतभर थराला निचरा कुठला? पाऊस पडला की पाय रुतायचा, आठ दिवस उघडीप मिळाली की बोट जाईल एवढ्या भेगा. लावलं ते पिवळं पडायचं.

आमच्या सोसायटीच्या बागकाम क्लबात एक काका आहेत, निफाडकडचे. सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, आता मुलाकडे फ्लॅटमध्ये राहतात. त्यांनी आम्हाला कुदळ हातात घ्यायच्या आधी काचेची बरणी आणायला लावली. बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायची आणि कट्ट्यावर ठेवून द्यायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. पोयट्याला, म्हणजे वाळूहून बारीक मातीला, दोन-तीन तास लागतात. चिकणमाती दुसऱ्या दिवशीसुद्धा पाण्यात तरंगत असते. आमच्या बरणीत वाळूचा थर नखाएवढा आणि चिकणमातीचा चार बोटं. मग काकांनी मातीचा सामू, म्हणजे पीएच, तपासून आणायला सांगितला, तो आठच्या वर निघाला. आमच्या जास्वंदीची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या का, याचं उत्तर तिथे मिळालं. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. आपण मात्र पान पिवळं दिसलं की पाणी घालत सुटतो.

तर त्या जूनमध्ये आम्ही फक्त ताग पेरला, मातीतच गाडायचं हिरवळीचं खत म्हणून. अख्ख्या जागेत ताग! लोक वैतागले. वर्गणी भरली ती गवत बघायला का, असं दोघा-तिघांनी तोंडावर विचारलं आणि येणं सोडलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण जे थांबले त्यांना जे बघायला मिळालं ते सोडून गेलेल्यांना मिळालं नाही. महिनाभराने काकांनी एक रोप मुळासकट उपटलं, माती झटकली आणि मुळावरची बारीक गाठ नखाने फोडून मुलांसमोर धरली. आत गुलाबी! ती गाठ जिवंत आहे, हवेतला नत्र धरतेय, याची ती खूण. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम सुरू नाही किंवा संपलं. त्यानंतर सोसायटीतली पोरं दिसेल त्या शेंगवर्गीय रोपाचं मूळ उपटून बघायला लागली, पुढे चवळी लावली तेव्हा तिच्या वाफ्याला राखण बसवावी लागली.

ताग फुलावर यायच्या आत, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, कापून मातीत गाडायचा. फुलं आली की खोडात वाख, म्हणजे दोराचा चिवट धागा, तयार होतो आणि लवकर कुजत नाही. गाडल्यावर महिनाभर पुन्हा थांबायचं. एवढं झालं की माती मुठीत धरून बघ, दाबली तर गोळा होते आणि बोटाने टिचकी मारली तर फुटते. तोवर रोपांचे पैसे खर्च करू नका.

खताचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळीकडे भरपूर बोललं जातं. एक घमेलं ओला कचरा, दोन घमेली वाळका पाला, मधून मधून मूठभर जुनं खत. ढीग मीटरभर उंच-रुंद हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. नीट जमला तर आतली उष्णता ५५ ते ६० अंशांवर जाते आणि तणाचं बी मरतं. आम्ही ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवतो, बाहेर काढून हात लावला की कळतं. वास आला तर ओलं जास्त झालं, पाला घाला. शेण-गोमूत्र-गुळाचं जीवामृतही करतो, पण त्यावर सगळा भार टाकू नका. मातीत खायला सेंद्रिय काही नसेल तर ते जिवाणू जगणार कशावर?

गणपतीनंतर मात्र ढिगाचं रूप वेगळं असतं. दूर्वा, शमी, जास्वंद, शेवंती, झेंडू, सगळ्या इमारतींचं निर्माल्य आमच्याकडे येतं. पहिल्या वर्षी आजीमंडळींना काळजी होती, हे पायदळी येणार नाही ना? काळजी रास्तच होती. म्हणून ते खत वेगळं ठेवायचं आणि तुळस, जास्वंद, पारिजातक यांनाच घालायचं असं ठरलं. आता त्याच आज्या दोरे, प्लॅस्टिक, आरतीची कागदं निवडायला येऊन बसतात.

आता माझ्या आवडीचा विषय. आमच्या वॉचमनदादांची बायको पेठ तालुक्यातली. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. सुरुवातीला ती लांबून बघायची, बोलायची नाही. दुधीचा मांडव भरून गेला होता आणि बोटभर दुधी पिवळे पडून गळत होते. कोणी कीड म्हणे, कोणी खत कमी. आम्ही सकाळी सकाळी जाऊन नर फूल मादी फुलाला लावायचो, भोपळ्याला लावतो तसं. ताईने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "दादा, सकाळी काय बघता? हा वेल सांजचा आहे."

खरंच तसं आहे बघ. तांबड्या भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. गिलक्याचंही सकाळचं. पण दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उघडतं, दुधीसाठी रात्रीचे पतंग येतात. शहरात पतंग पुरेसे नसतील तर ते काम आपण करायचं, पण दिवे लागायच्या सुमाराला. मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागे इवलासा लवदार दुधी असतो. नर फुलाला नुसता लांब देठ. ताईने नर फूल खुडलं, पाकळ्या मागे सोलल्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवला आणि त्या देठाला खुणेची चिंधी बांधली. चार दिवसांनी चिंधीवाले सगळे दुधी मान खाली घालून वाढायला लागले होते.

तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ ताईची. तिच्याकडून आम्ही कर्टुलं लावायला शिकलो. त्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, आणि बी पेरलं तर फूल येईपर्यंत कळत नाही कुठला कुठला. म्हणून ती माहितीच्या वेलाचे कंद आणून लावते, आठ-दहा मादी वेलांमागे एक नर. कुर्डू, टाकळा, भारंगी यांतली कुठली रानभाजी कुठल्या वयात खुडायची, कुठली उकळून पाणी टाकायची, हे तिला तोंडपाठ. आम्ही शिकलेली माणसं वर्षानुवर्षं तिच्यासमोरून गाडी काढून ऑफिसला जात होतो आणि कधी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याकडेही अशी एखादी ताई असणार. कमिटी करताना पहिल्यांदा तिला शोधा, अध्यक्ष मागाहून मिळेल. ताईला क्लब दरमहा मानधन देतो. फुकट शिकवायला लावू नका कोणाला.

श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार तुला आठवत असेल. कोल्हापूरच्या या गणिताच्या प्राध्यापकांनी शेतकऱ्यांना एकमेकांच्या प्रयोगांतून शिकायला लावलं. आमचे काका त्यांचं नाव फार आदराने घेतात. आमचा क्लब त्या मानाने लहानसाच, पण चालतो याच पद्धतीने. ज्याला जे येतं ते त्याने वाफ्यावर करून दाखवायचं, भाषण नाही.

यंदा ऋषीपंचमीची भाजी पूर्ण बागेतली झाली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हाताने पिकवलेलंच हवं, आणि आमच्याकडे तर कुदळ-खुरप्याशिवाय काहीच नाही! अळू, लाल माठ, अंबाडी, दोडकं, पडवळ, भेंडी, भोपळा, मक्याची कणसं. सगळ्या घरांना वाटीवाटी गेली. माझी आई दरवर्षी ही भाजी बाजारातून आणायची आणि मनाला लागून राहायचं तिच्या. या वेळी तिने दोनदा वाढून घेतली.

वाटपाचा नियम मात्र आधी लिहून ठेवा, भांडण होतं ते इथेच. आमच्याकडे त्या आठवड्यात ज्यांनी काम केलं त्यांचा पहिला हक्क, उरलेलं आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी. वर्गणी भरली म्हणून भाजी मिळत नाही. काही जणांना हे कडक वाटतं, मला योग्य वाटतं.

बियाण्याची पेटीही लगेच सुरू करा. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण घरातल्या मडक्यांत जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आमच्या पेटीचा नियम साधा, मूठभर न्या, दोन मुठी परत करा. टोमॅटोचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवायचं, म्हणजे वरचा बुळबुळीतपणा जातो, मग धुऊन सावलीत वाळवायचं. वाल, चवळी राखेत. हायब्रीडचं बी पेटीत घेत नाही. पीक चांगलं येतं त्याला, पण पुढच्या पिढीत काय निघेल याचा भरवसा नाही.

आणि एक, ऑक्टोबरात ये. गेटावरच्या मांडवावर द्राक्षाचा वेल आहे, काका गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेणार आहेत. एप्रिलच्या खरडछाटणीत जुन्या काड्या कापल्यावर जी नवी काडी वाढते तिच्या डोळ्यांतच, म्हणजे कोंबांतच, पुढचा घड ठरून जातो, बाहेरून काही दिसत नाही. आता सबकेनच्या (काडीचा शेंडा खुडल्यावर फुटलेल्या पुढच्या काडीच्या) गाठीपुढे एक-दोन डोळे राखून काडी कापायची, आणि साडेतीन-चार महिन्यांत द्राक्षं. कात्री कुठे लावायची ते शब्दांत सांगून कळत नाही, हातात काडी घेऊनच बघायला हवं. दोन दिवस काढून ये, वहिनींना आणि मुलांना घेऊन ये.

येताना काकूंच्या परसातल्या त्या काळ्या वालाचं बी आण, आमच्या पेटीत नाही. मी तुझ्यासाठी तागाचं बी सांगून ठेवतो, गुंठ्याला अर्धा-पाऊण किलो धर, जागेचं माप कळव. आणि हो, बरणीचा प्रयोग या रविवारीच करून थरांचा फोटो पाठव, काकांना दाखवतो.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकमित्र