तक्रार : प्रागच्या पिंकास सिनॅगॉगची (ज्यू प्रार्थनास्थळाची) भेट शनिवारी ठेवून प्रवेशाचे पैसे घेतल्याबद्दल

व्यवस्थापक,
युरोप सहल विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने माझं बोलणं अर्धवट असताना फोन ठेवला, म्हणून हे पत्र. आता मला लेखी उत्तर हवं.

प्रागच्या दिवसासमोर तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलंय : जुन्या शहरातून मार्गदर्शकासह पायी फेरी, पिंकास सिनॅगॉग व ज्यू दफनभूमी, प्रवेशासह. तो दिवस शनिवार होता. पिंकास धरून प्रागच्या ज्यू संग्रहालयाच्या वास्तू शनिवारी बंद असतात, कारण त्या दिवशी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार. आमच्या अलिबागकडे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, तेली शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. कोकणातल्या अडाणी माणसालाही जे ठाऊक होतं, ते युरोपच्या सहली काढणाऱ्या कंपनीला ठाऊक नसावं? शिवाय तिथल्या स्थानिक मार्गदर्शकाने आम्हाला सरळ सांगितलं की शनिवारची अडचण त्याने तुम्हाला आधीच कळवली होती. म्हणजे माहीत असून पैसे घेतलेत.

आता आजचं संभाषण. मी प्रवेशाचे पैसे परत मागितले. उत्तर आलं, "काकू, तुम्हाला टीन चर्च दाखवलं ना? मग झालं की. आतून सगळं सारखंच असतं." मी म्हटलं, अरे, ते चर्च आणि हे सिनॅगॉग, आणि चर्चसुद्धा बाहेरूनच दाखवलंत, आत टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची कबर आहे. तर म्हणतो, "कबरी बघायला कोण जातं युरोपला?" मी पिंकासमधल्या मुलांच्या चित्रांबद्दल सांगत होते. पलीकडे तो दुसऱ्या कुणाशी तरी हसत बोलत होता, मला ऐकू येत होतं. मग म्हणाला, "ती चित्रं गूगलवर मिळतील, नातवाला सांगा, काढून देईल." आणि फोन बंद.

ती चित्रं काय आहेत हे तुमच्या कार्यालयात कुणीतरी वाचा. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तेरेझीनच्या छावणीत डांबलेल्या ज्यू मुलांना फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकर्तीने चित्रकला शिकवली, मिळेल त्या कागदावर. १९४४ मध्ये फ्रीडलना आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. जाण्याआधी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली, म्हणून ती वाचली. काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. त्यातली काही चित्रं पिंकासमध्ये लावलेली आहेत, आणि खाली भिंतींवर बोहेमिया-मोरावियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातल्या, नाझींनी बळी घेतलेल्या जवळजवळ ८०,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. माझी सगळी नोकरी मुलांना चित्रकला शिकवण्यात गेली. तुमच्याकडे नाव नोंदवलं ते या एका थांब्यासाठी. मी बंद दारासमोरून परत आले.

बाकीची फेरीही धावतपळतच. जुन्या टाउन हॉलवरच्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळापुढे सगळ्यांना उभं केलं, पण त्याच टाउन हॉलसमोरच्या फरसबंदीतल्या २७ पांढऱ्या क्रुसांवरून आम्ही चालत गेलो आणि १६२१ मध्ये तिथे २७ जणांना देहदंड दिला होता हे कुणी सांगितलं नाही. टूर मॅनेजर घाई करत होता. पिंकासचा वाचलेला वेळ मात्र काचसामानाच्या दुकानात घालवला. तिथे मला काहीही घ्यायचं नव्हतं. शनिवारी बंद असणारी जागा शनिवारी ठेवायची आणि वर दुकानात बसवायचं, हे मला सहन झालेलं नाही.

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटाला तुमचं नाव मीच सुचवलं होतं. ते मी मागे घेतलंय, आणि कारणही सगळ्यांना सांगितलंय.

पंधरा दिवसांत प्रवेशाची रक्कम आणि लेखी माफी आली नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती तक्रार मला माझ्याच जिल्ह्यात करता येते. कार्यक्रमपत्रिका, पावती आणि त्या दिवशीच्या बंद दाराचा तारखेसह फोटो माझ्याकडे आहे. पुढच्या तुकडीचा प्रागचा दिवस शनिवारी येत असेल, तर पिंकास दुसऱ्या दिवशी ठेवा. जमत नसेल तर पत्रिकेत छापू नका.

एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
अलिबाग