पोरांसमोर हिशेब मांड

लालबाग, मुंबई

चि. सौ. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंची नोकरी गेल्याचं तू आम्हाला महिन्याने सांगितलंस. पोरांना तर अजून सांगितलंच नाहीस. फोनवर सारखी आवाज खाली करत होतीस, म्हणून लिहिते आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तू दुसरीत होतीस. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर. दोन-तीन महिन्यांत मिटेल असंच वाटत होतं. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांचा शब्द म्हणजे चाळीत काळ्या दगडावरची रेघ. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. बाबांचा गिरणीतल्या साचेखात्यातला, म्हणजे मागावरचा, पगार थांबला आणि त्याच फटक्यात माझी खानावळ बसली, कारण जेवणारे सगळे गिरणीतलेच. ते सातारला, कोकणात आपापल्या गावी निघून गेले. मिळकती दोन, पण दोन्ही एकाच भोंग्यावर चालणाऱ्या! तुझी नोकरी शाळेत, जावईबापूंची कंपनीत होती, हे केवढं बरं आहे बघ.

बाबांनी पहिल्याच महिन्यात आजीसकट सगळ्यांना बसवून सांगितलं: फंडात किती, वाण्याची उधारी किती, गावाहून तांदूळ किती येतील. दादा नववीत होता, तो सकाळी पेपर टाकू लागला. तू रेशनच्या रांगेत नंबर धरायचीस. मी पापड लाटायला घेतले आणि उरलेसुरले डबे पोचवायला बाबांना धाडलं. आजीने तोंड वाकडं केलं. करू दे म्हटलं.

आपल्या मजल्यावर ज्यांची घरं मोडली त्यांच्याकडे पैसा आपल्याहून कमी नव्हता. एकाने बायकोला न विचारता तिचे दागिने गहाण टाकले. दुसरा दिवसभर नाक्यावर, रात्री गुत्त्यात. त्याला घरात कुणी काही कामच सांगत नव्हतं, सगळे जपून वागायचे. त्या जपण्यानेच तो गेला असं मला अजून वाटतं.

तुझी पोरं मोठी आहेत. बाप रोज लॅपटॉप घेऊन कुठे जाऊन बसतो, हे त्यांना कळत नसेल असं समजू नकोस. घराचा हप्ता किती, शिल्लक किती महिने पुरेल, सांगून टाक. धाकटीला पोचवणं-आणणं, बाजार जावईबापूंकडे दे. रिक्षाचे पैसेही वाचतील.

रविवारी सगळे या, मटण करते. धाकटीच्या क्लासची फी बाबांनी काढून ठेवली आहे. त्यावरून जेवताना वाद घालू नकोस.

तुझी,
आई