पाणी वाढले म्हणजे पाऊस झालाच का?

दाभोळ,
श्रावण शुद्ध दशमी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. सर्दी आठवड्यात गेली ती काढ्यामुळेच, असे खोलीवरची मैत्रीण म्हणाली, तू तिला तासाला नुकताच शिकलेला तर्कदोष नाव घेऊन दाखवलास आणि तेव्हापासून ती तुझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलते, हे वाचले. त्याच पत्रात पुढे तू लिहितेस की, तर्कशास्त्रातल्या सत्यता कोष्टकांचा (सुटी विधाने खरी-खोटी धरून जोडविधान केव्हा खरे ठरते ते दाखवणाऱ्या तक्त्यांचा) जगण्याशी काही संबंध दिसत नाही आणि पुढच्या वर्षी हा विषय सोडावासा वाटतो. ही दोन्ही गाऱ्हाणी मला एकाच मुळाची वाटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

न्यायदर्शनाच्या, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन तर्कशास्त्राच्या, गौतमाने रचलेल्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांपैकी शेषवत्, म्हणजे परिणामावरून कारण ओळखण्याच्या, अनुमानाला भाष्यकार वात्स्यायनाने उदाहरण दिले आहे ते नदीचे. नदी फुगून वाहू लागली की वरच्या अंगाला पाऊस झाला असे आपण ओळखतो. पुढे दुसऱ्या अध्यायात सूत्रकार आपणहून एक आक्षेपक उभा करतो. तो म्हणतो, पाणी पुढे अडल्यानेही वाढते, मुंग्या अंडी घेऊन निघतात त्या वारूळ मोडल्यामुळेही, आणि मोराचा केकारव माणूसही काढू शकतो. तेव्हा अनुमानावर विसंबता येत नाही. तुमच्या पुस्तकात ‘पाऊस पडला तर पाणी वाढते, पाणी वाढले आहे, म्हणून पाऊस पडला’ या मांडणीला उत्तरांग मान्य करण्याचा (‘तर’नंतरचा भाग खरा म्हणून आधीचाही खरा धरण्याचा) दोष म्हटले असेल. आक्षेपकाचे बोट नेमके तिथेच आहे.

दाभोळच्या माणसाला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. वाशिष्ठीच्या मुखाशी पाणी दिवसातून दोनदा चढते आणि त्यासाठी आभाळात एक ढग असावा लागत नाही. मात्र गौतमाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तो आक्षेप झटकत नाही आणि अनुमानही सोडत नाही. तू म्हणतोस ते पाणी वेगळे आणि मी म्हणतो ते वेगळे, एवढेच तो सांगतो. भाष्यकार त्याचा उलगडा करतो : ज्यावरून पाऊस ओळखायचा ते पाणी नुसते वाढलेले नसते, तर वेगाने धावणारे, फेसाळलेले, फळे, पाने आणि लाकडे वाहून आणणारे असते. आपल्या फेरीबोटीच्या धक्क्यावरची माणसे जुलैत हेच पाहतात. पाणी लाल आणि गढूळ असून केळीचा खुंट, काटक्या, एखादा नारळ समुद्राकडे ओढत नेत असेल, तर घाटात जोराचा पाऊस झाला. तोच खुंट उलटा चिपळूणच्या दिशेने सरकत असेल, तर ती भरती. खूण बारीक झाली की अनुमान पक्के होते, आणि ती बारीक करून घेण्याचे श्रेय आक्षेप घेणाऱ्याचे असते. आपल्याकडच्या ग्रंथांत सिद्धांताआधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, इतक्या अगत्याने मांडलेला असतो, तो केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे.

पाऊस आणि भरती यांतले एकच काहीतरी असते, असेही समजू नकोस. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, त्यानंतर कितीतरी दिवस कोणी अतिवृष्टीला दोष देत होते, कोणी भरतीला, कोणी गाळाने उथळ झालेल्या पात्राला, तर कोणी कोयनेची वीजनिर्मिती होऊन कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणाऱ्या अवजलाला. एक कारण सापडले म्हणजे दुसरे आपोआप खोटे ठरते, असे धरूनच बहुतेक भांडणे झाली. वास्तविक ‘किंवा’ या शब्दाने जोडलेली दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात, हे तुझ्या कोष्टकाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले असते. जगण्याशी संबंध तो आणखी काय असायचा?

आता काढ्याकडे येते. हापूस एका वर्षी भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी बहुधा हात आखडता घेतो, हे तुला ठाऊक आहे. नवस मात्र बोलला जातो तो नेमका झाडे रिकामी राहतात त्या वर्षी. पुढच्या हंगामात आंबा येतो आणि नवस फळला असे घरोघर सांगितले जाते. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा पंडित, इथे अन्वयाबरोबर (कारण असता कार्य होते) व्यतिरेकही (कारण नसता कार्यही होत नाही) विचारील : ज्या बागेसाठी नवस बोलला नव्हता, तिथे आंबा आला नाही काय? याउलट तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा आपल्या खलाशांचा आडाखा घे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. तोही अनुभवावरूनच बांधला आहे, पण तो वर्षानुवर्षे टिकतो, कारण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागे चालते. दोन्ही गोष्टी वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या, दोन्ही जुन्या. जुनेपणावरून त्यांतली खरी कोणती हे कळले नसते.

अर्थात व्यतिरेक पाहूनही शंका संपत नाही. सर्व काळची आणि सर्व ठिकाणची उदाहरणे कोणी पाहिली आहेत, असे प्रत्यक्षापलीकडे काही न मानणाऱ्या चार्वाकांनी विचारले होते. अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने जवळपास तोच प्रश्न युरोपात विचारला. त्यावर उदयन या नैयायिकाचे म्हणणे मला फार शहाणपणाचे वाटते : शंकेला व्याघाताची, म्हणजे स्वतःच्याच वागण्याशी येणाऱ्या विरोधाची, मर्यादा असते. पुढे गंगेश या दुसऱ्या नैयायिकाने ते उलगडून सांगितले. धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो आणि भूक भागावी म्हणून जेवायला बसतो, त्याला अग्नी आणि धूर, अन्न आणि तृप्ती यांच्या संबंधाविषयी खरोखरची शंका नसते. त्याची कृतीच त्याच्या शंकेला खोडून काढते. ह्यूमला या उत्तराने समाधान वाटले असते असे मी म्हणणार नाही. परंतु शंका कुठे घ्यायची आणि कुठे थांबायचे याची एक कसोटी त्यात आहे, आणि ती वर्गाबाहेर, चुलीपाशीसुद्धा वापरता येते.

तुझ्या मैत्रिणीचे अनुमान कच्चे होते हे तू दाखवलेस, ते बरोबरच आहे, कारण साधी सर्दी बहुधा काढ्याशिवायही आठवड्यात बरी होते. पण एवढ्याने काढा निरुपयोगी आहे हे सिद्ध झाले नाही. हेतू, म्हणजे पुढे केलेले कारण, सदोष ठरला की तो हेतू गळून पडतो. साध्य, म्हणजे सिद्ध करायचे ते विधान, मात्र खरे की खोटे हे तसेच अनिर्णित राहते. तू पत्रात ‘तिचे म्हणणे खोटे पाडले’ असे लिहिलेस, तिथे तू तिच्याइतकीच घाई केली आहेस. गौतमाने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्व समजून घेण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करायचे ती वितंडा. तुझ्या खोलीवर त्या रात्री तिसरा प्रकार झाला, असे पत्रावरून तरी दिसते. वितंडेलाही शास्त्रात जागा आहे, परंतु ती खोलीवरच्या मैत्रिणीसाठी नव्हे.

तेव्हा विषय सोडण्याचा निर्णय इतक्यात घेऊ नकोस. तिला एवढेच विचार की, मागच्या वेळी काढा न घेता सर्दी झाली होती, तेव्हा ती किती दिवस राहिली होती. तिला आठवत असेल तर तुमचे बोलणे पुढे सरकेल, आणि कदाचित तुलाच तुझे म्हणणे बदलावे लागेल. बाबा पुढच्या आठवड्यात पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर आमसुले आणि सांडगी मिरच्या पाठवते, त्या दोघींनी वाटून घ्या.

तुझी,
आई