बाबा, कळंगुट नको, बाणावली बघू

ती. आई-बाबांस सा. न.

तूर सवंगून झाली की काका-काकूंना घेऊन गोव्याला येता म्हणालात, मस्तच. माझ्या खोलीत चौघं मावणार नाही, बाहेर खोली घ्यावीच लागेल. पण ‘कळंगुटलाच बघ’ हा हट्ट सोडा, बाबा. तुमच्या डोक्यात आहे ते कळंगुट कोकण रेल्वे नवी होती तेव्हाचं.

साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी आले, ते गावातल्यांच्या घरीच खोल्या घेऊन राहत. ऐंशीच्या दशकात परदेशातून चार्टर विमानं सुरू झाली, मोठी हॉटेलं उठली. १९९८ मध्ये रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईहून लोक रात्रीतून पोचू लागले. जानेवारी २०२३ पासून मोपाचं विमानतळ चालू आहे, त्यामुळे आता उत्तरेकडच्या मोरजी-मांद्रे किनाऱ्यांचा नंबर लागलाय.

किनारा एकदम बिघडत नाही, त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी जातात वाळूच्या टेकड्या. त्यांवर मर्यादवेल पसरलेली असते, पानं आपट्यासारखी दुभंगलेली, फुलं जांभळी. तीच वाळू धरून ठेवते. खाटा-छत्र्या मांडायला टेकडी सपाट केली, वेल उपटली, की पावसाळ्यातल्या लाटा वाळू ओढून नेतात आणि परत येणारी वाळू अडवायला काही राहत नाही. शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती खानावळ, पावसाळ्याआधी मोडतात, पण सपाट केलेली टेकडी आपोआप उभी राहत नाही.

मग पाणी. आपल्याकडे बोअर आटला की आणखी खोल नेतात, इथं तसं केलं की खारं पाणी लागतं. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी असतं. हॉटेलांनी उपसा करून वरची पातळी फूटभर उतरवली की खालून खारं सुमारे ४० फूट वर चढतं. वरून शौचटाक्यांचं पाणी वाळूतून झिरपून विहिरीत उतरतं, वाळू ते फारसं गाळत नाही. शेवटी गावातलाच माणूस टँकरची वाट पाहत बसतो. हे सगळं होईस्तोवर आधीचे पाहुणे पुढच्या गावाला गेलेले असतात!

म्हणून कुठंही गेलात तरी तीन गोष्टी बघा : मर्यादवेल शिल्लक आहे का, कोळ्यांच्या होड्या अजून वाळूवर लागतात का, आणि नाला समुद्राला कुठं मिळतो. नाल्याच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही. कोलव्याला हे विशेष सांभाळा. त्याच्याच शेजारी बाणावली आहे, तिथं गर्दी बेताची, मडगाव स्टेशनापासून सहा-सात किलोमीटर. ओला-उबर इथं नाही, टॅक्सीत बसायच्या आधी भाडं ठरवायचं.

समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच जायचं, नुसता लाल असेल तर नाहीच. नवखा माणूस हमखास एक चूक करतो. दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मधला पट्टा शांत दिसतो, तो बरा वाटून तिथंच उतरतो. बाप्पा, ओढ तिथंच असते, कारण किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेनं परत जातं. काकांना हे मुद्दाम सांगा, त्यांना आपल्या नदीतल्या पोहण्याचा फार भरवसा आहे. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, किनाऱ्याला समांतर सरकून बाहेर निघायचं.

आई, जेवणाची काळजी नको. मासे नको असतील तर मडगावात उडुपी हॉटेलं आहेत. नारळाचा मारा सोसवत नसेल तर ठेचा सोबत घे.

नाताळ ते नववर्ष टाळा, खोल्यांचे भाव तेव्हा चढलेले असतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा. बडनेऱ्याहून मडगावची थेट विशेष गाडी आहे, पण रेल्वे तिची मुदत वाढवत वाढवत चालवते, म्हणून चालू आहे का ते आधी बघायचं. आरक्षण साधारण ६० दिवस आधी उघडतं. चौघांचं एकत्र तिकीट काढू नका. ज्येष्ठांच्या कोट्यातली खालची बर्थ एका तिकिटावर एक किंवा दोघंच असतील तरच मिळते. तुमचं दोघांचं वेगळं, काका-काकूंचं वेगळं काढा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका.

तुरीचा अंदाज आला की फोन करा, तोवर मी बाणावलीत तळमजल्याच्या दोन खोल्या बघते.

तुमची,
छोटी