करंगळीशेजारचं बोट

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

छकुलीच्या पावलाचा फोटो रात्री कितीदा तरी मोठा करून पाहिला. करंगळीशेजारचं बोट वाकून शेजारच्या बोटाखाली शिरलंय, नखही बाहेरच्या बाजूला वळलंय. अगदी असंच बोट मी माझ्या लेकाच्या पायाला चार वर्षं रोज पाहिलंय. फोनवर तुमचा आवाज रडवेला वाटला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. बोट खाली ओढणारी तळव्याकडची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जन्मतःच ताठ असते, म्हणून ते वळतं. बहुतेकदा तिसरं नाहीतर चौथं बोट, आणि पुष्कळदा दोन्ही पायांना. हे घराण्यातही चालत येतं. दादाला अनवाणी उभं करून बघा! लहानपणी त्याचं ते वाकडं बोट ओढून मी त्याला किती छळलंय.

इथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला एक गोष्ट करून दाखवली होती. छकुली झोपली की तिची टाच हातात धरा आणि पाऊल हळूच खालच्या दिशेने वाकवा. कंडरा सैल पडते आणि बोट आपसूक सरळ होतं. पाऊल नडगीकडे उचललं की पुन्हा वळतं. असं झालं तर सांधा आखडलेला नाही, बोट लवचीक आहे. मग घाई नको. वाढत्या वयात काहींचं आपोआप सुधारतं, आणि ज्यांचं राहतं त्यांनाही सहसा त्रास होत नाही. आम्ही काही महिने शेजारच्या बोटाला धरून चिकटपट्टी लावली होती, पण ती थांबवली की बोट परत होतं तिथेच.

दोरा किंवा रबर मात्र कुणी कितीही सांगितलं तरी गुंडाळू देऊ नका. रक्त अडतं, बोट सुजतं, निळं पडतं. मोज्यातला सुटा धागा किंवा आपला एखादा केससुद्धा बाळाच्या बोटाला असाच आवळतो. मोजे उलटे करून बघत जा.

घरात अनवाणीच खेळू द्या. बूट घ्याल तेव्हा पुढून रुंद घ्या, सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी.

लेकाच्या उजव्या बोटाच्या टोकाला पुढे घट्टा पडला, नख दबून जाड झालं, धावताना तो थांबायला लागला. तेव्हा चौथ्या वर्षी लहानसा छेद देऊन कंडरा मोकळी केली. त्याच दिवशी घरी आलो. डाव्या पायाला काहीच करावं लागलं नाही.

बोट हाताने सरळ होत नसेल, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली असेल किंवा बोटाला हात लागताच छकुली रडत असेल, तर मात्र मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

पुढच्या वेळी तिला उभं करून समोरून एक फोटो काढा आणि एक तळव्याचा. शेजारी दादाचाही पाय येऊ द्या.

तुमची,
ताई