आधी लिहायला घे, वाचन मागून होईल

धुळे,
२२ नोव्हेंबर

प्रिय प्रवीण,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोन निबंध, चार पेपर, हातात साडेतीन आठवडे आणि रोजचं भुसावळ-जळगाव अप-डाऊन. वर तू लिहितोस की वाचन संपत नाही म्हणून लिहायला हात लागत नाही. खरी गाठ तिथेच आहे. इतिहासाचं वाचन कुणाचंच संपत नसतं भो. तू संपायची वाट बघत बसलास तर निबंध शेवटच्या रात्री लिहिला जाईल आणि त्यात पेपराचा अभ्यासही बुडेल. म्हणून क्रम उलटा कर.

फैजपूर काँग्रेसचाच, म्हणजे आपल्या खानदेशातल्या फैजपूरला १९३६ मध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचा निबंध घे. प्रश्न आहे ‘फैजपूर अधिवेशनाचे महत्त्व विशद करा’, मर्यादा २००० शब्द. या प्रश्नावर बहुतेक जण १८८५ पासून सुरुवात करतात. दोन पानं काँग्रेसच्या स्थापनेत जातात, पुढची दोन अधिवेशनासाठी उभारलेलं टिळकनगर, बांबूचे मंडप, चित्रकार नंदलाल बोस यांची सजावट आणि जमलेली गर्दी यांत. मग शेवटी एक ओळ येते, ‘अशा प्रकारे हे अधिवेशन महत्त्वाचे ठरले.’ यातली माहिती खोटी नसते, पण महत्त्व कशात होतं ते कुठेच सांगितलेलं नसतं, आणि गुण नेमके त्यालाच असतात.

कोऱ्या कागदावर आधी फक्त घटना एकाखाली एक लिही. एप्रिल १९३६, लखनौ अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. त्याच वेळी तिथे किसान सभेची स्थापना. डिसेंबर १९३६, फैजपूर, अध्यक्ष पुन्हा नेहरू. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, आणि तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर. १९३७ च्या सुरुवातीला १९३५ च्या कायद्याखालच्या प्रांतिक निवडणुका. एवढं डोळ्यांसमोर आलं की खरा प्रश्न दिसायला लागतो: खेड्यात अधिवेशन भरवणं ही गांधीजींच्या ग्रामविचाराची खूण होती, की निवडणुकीच्या तोंडावर शेतकऱ्याला दिलेला शब्द होता? याचं तुला आज जे वाटतं ते उत्तर एका वाक्यात लिही. उदाहरणार्थ, ‘अधिवेशन खेड्यात भरलं यापेक्षा तिथे मंजूर झालेला शेतीचा कार्यक्रम अधिक महत्त्वाचा होता.’ या वाक्याशी कुणी वाद घालू शकतं का, ते पाहा. घालू शकत असेल तर निबंधाला कणा मिळाला. वाचताना मत बदललं तर वाक्य बदल, त्यात काही बिघडत नाही.

आता शब्दांची वाटणी. प्रस्तावना २००, पार्श्वभूमी ३५०, प्रत्यक्ष कार्यक्रम ७००, त्याच्या मर्यादा आणि खानदेशातली परिस्थिती ५००, समारोप २५०. सजावटीला दोन वाक्यं, बस. लिहायची सुरुवात त्या ७०० शब्दांपासून कर, कारण तिथे ठोस माल आहे: सारा आणि खंडात कपात, जमिनीच्या न परवडणाऱ्या तुकड्यांना सूट, शेतकऱ्याच्या कर्जाचा भार हलका करणं, शेतमजुराला पोटापुरती मजुरी. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही. ती आधी लिहायला बसलं की माणूस ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथेच अडकतो.

मर्यादांच्या भागात तुला स्वतःचं काही म्हणता येईल, म्हणून तिथे थोडा जास्त वेळ दे. जमीनदारी नष्ट करा, ही किसान सभेची मागणी फैजपूरच्या कार्यक्रमात आली नाही. बंगाल-बिहारकडून बघितलं तर ही मोठी उणीव. पण आपल्याकडे रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. इथे गळ्याशी आलेले प्रश्न म्हणजे सारा आणि सावकार. मग तोच कार्यक्रम खानदेशातल्या शेतकऱ्याला बिहारमधल्या कुळापेक्षा जवळचा वाटला असेल का? हा परिच्छेद तू रावेरकडचा म्हणून अधिकाराने लिहू शकशील. गाईडमध्ये तो तुला सापडणार नाही.

या निबंधाला चार गोष्टी पुरतात: नेहरूंचं अध्यक्षीय भाषण, ठरावाचा मजकूर, जळगाव जिल्ह्याचं १९६२ चं गॅझेटियर आणि राष्ट्रीय चळवळीवरचा एक चांगला ग्रंथ. १८८० चं खानदेश गॅझेटियर फक्त साऱ्याच्या पार्श्वभूमीसाठी चाळ. इथल्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं बघायला यायचं म्हणतोस, तर ये जरूर, पण प्रबंधाच्या वेळी. आत्ता इथली दप्तरं उघडलीस की आठवडा गेलाच.

टिपणं काढताना प्रत्येक टिपणापुढे लेखक आणि पान नंबर लगेच टाक, आणि जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हांत ठेव. हे राहिलं की पंधरा दिवसांनी दुसऱ्याचं वाक्य आपलंच वाटायला लागतं. तपासणाऱ्याला ते कळतं, कारण भाषा मध्येच बदलते. मोबाइलकडून लिहून घेतलेल्या निबंधात तर अस्तित्वातच नसलेले ग्रंथ संदर्भ म्हणून येतात आणि तोंडीत ‘पान दाखव’ म्हटलं की सगळं संपतं. आणखी एक, फाइल पीडीएफ करूनच झेरॉक्सवाल्याकडे ने. त्याच्या कॉम्प्युटरवर तुझा फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, पानं सरकतात, आणि हे नेमकं जमा करायच्या दिवशी सकाळी कळतं.

आता पेपर. तू टिपणं तीन-तीनदा वाचतोस आणि तरी आठवत नाही, त्याला कारण आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटलं. ज्यांनी मजकूर मिटून आठवून लिहिला होता ते पुढे गेले. तुझा पेपर काही आठवड्यांनी आहे, पाच मिनिटांनी नाही. म्हणून एक प्रकरण एकदा नीट वाच, वही मिटव, आठवेल ते कागदावर उतरव आणि सुटलेलं लाल पेनाने भर. तेच दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. गाडीत उभं राहून वाचायची धडपड सोड. त्या अर्ध्या तासात डोळे मिटून एका प्रश्नाचे मुद्दे आठवत जा, त्याला बसायला जागाही लागत नाही.

वेळेचं गणित घरीच कर. समजा ६० गुणांचा पेपर, तीन तास, १२ गुणांचे पाच प्रश्न. दहा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला, दहा शेवटी तपासायला. उरली १६०, म्हणजे एका प्रश्नाला ३२ मिनिटं. तुझ्या पेपरचा आराखडा वेगळा असेल तर याच रीतीने आकडे बसव. घड्याळ लावून ३० मिनिटांत तुझी किती पानं भरतात ते मोज आणि त्याहून मोठं उत्तर तयारच करू नकोस. होतं असं की पहिल्या, आवडत्या प्रश्नावर पन्नास मिनिटं जातात आणि शेवटचा अर्ध्या पानात उरकला जातो. झालेल्या उत्तरात नवाचे दहा करणं फार अवघड. कोऱ्या राहिलेल्या उत्तरात शून्याचे पाच करणं त्या मानाने सोपं. वेळ संपली की अर्धं पान सोड आणि पुढे जा. टीप लिहायची असेल तर चार मुद्दे, त्यात किमान एक साल आणि एक नाव. समासात प्रश्नक्रमांक नीट घाल, पुरवणी क्रमाने बांध. पर्यवेक्षकाने घाई केली तरी बैठक क्रमांक एकदा पडताळून पाहा.

रात्री दोनपर्यंत जागतोस, ते मात्र थांबव. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्री अकराला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल पहाटे चारलाही अंगात असतो. पेपरच्या आदल्या रात्री वरण-बट्टी नको, खिचडी खा. भरीत पार्टीची बोलावणी या दिवसांत येणारच. एखाद्या रविवारी जा, मोकळ्या मनाने जेव, पण रोज नको.

‘काही सुचत नाही, सगळं सोडून द्यावंसं वाटतं’ असं तू शेवटी लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. तसं पुन्हा वाटलं तर वेळ-काळ न बघता मला फोन कर. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. ती सरकारची टेलीमानस सेवा आहे, चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

रविवारपर्यंत मला ते ७०० शब्द पाठव. कच्चे असले, अर्धवट असले तरी चालतील. हातानेच लिही आणि मोबाइलवर फोटो काढून धाड. मी सोमवारी रात्री वाचून समासात लिहून परत पाठवतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सतीश